इंजिन बांधल्यावर ठिणगी कां पडत नाहीं ?

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपचें इंजिन खोललें, नव्या रिंगा व नवीं बेअरिंगें घातलीं, हेडचें गॅस्केट बदललें, इंजिन पुन्हां जागेवर बसविलें, आणि सेल्फ मारतांच तें नुसतें फिरत राहिलें. प्लग काढून पाहतां त्याच्या टोंकाशीं ठिणगीचा मागमूस नाहीं, असा प्रसंग पुष्कळ बागायतदारांवर येतो. अशा वेळीं 'कॉइल गेली' असें कोणी तरी सांगतो. मालक कॉइल आणतो. ठिणगी पडत नाहीं. मग कंडेन्सर, मग बॅटरी, मग सबंध डिस्ट्रिब्युटर, असा एकामागून एक माल घरीं येतो. पैसे तर जातातच. शिवाय शेतमाल बाजारांत नेण्याचे मोलाचे दिवस निघून जातात, आणि भाड्याच्या वाहनाचा खर्च वेगळा बसतो.

ज्याचें आयुष्य महसुलाचे कागद चाळण्यांत गेलें, त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वर्षानुवर्षें जुळत आलेला उतारा एकाएकीं जुळेनासा झाला, तर सबंध दप्तर उपसूं नये. शेवटचा फेरफार प्रथम पहावा. मोटारीसही हाच न्याय लागू आहे. खोलण्यापूर्वीं जें इंजिन चालत होतें, त्याची कॉइल इंजिन मिस्त्रीच्या टेबलावर पडून असतांना सहसा जळत नाहीं. काम करतांना ज्या तारा सोडल्या, जे स्क्रू काढले, जे वॉशर बाजूस ठेवले, त्यांतच दोष असण्याचा संभव अधिक. तो क्रमानें कसा शोधावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

हा लेख कोणत्या गाड्यांस लागू आहे

विलीस नमुन्याच्या जीपगाड्यांची जुळणी मुंबईंत १९४७ सालीं सुरू झाली. त्या घराण्यांतील पेट्रोल जीप, पूर्वीं कुर्ल्यास तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी, व जुनी पेट्रोल अँबॅसॅडर (हिचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें) या गाड्या आजही कांहीं शेतकऱ्यांच्या घरीं आहेत. या सर्वांत ठिणगी पाडण्याची रीत एकच, म्हणजे बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं ती प्रचारांत आणली, व १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत सेल्फ, दिवे आणि ठिणगी यांची योजना एकत्र दिसूं लागली. डिझेल जीप व डिझेल ट्रॅक्टर यांत ठिणगी नसतेच. तेथें हवा दाबून तापविली जाते व तींत डिझेल फवारलें जातें. त्यामुळें त्यांच्या मालकांनीं हा लेख केवळ माहितीसाठीं वाचावा.

ठिणगी कशी उत्पन्न होते

बॅटरीपासून निघालेला प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलमध्यें जातो. कॉइलमध्यें जाड तारेचे कांहीं शें वेढे व त्यांच्याबरोबर केंसासारख्या बारीक तारेचे कित्येक हजार वेढे असतात. जाड वेढ्यांतून बाहेर पडलेला प्रवाह डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांत येतो, आणि पॉइंट मिटलेले असतील तर तेथून इंजिनच्या लोखंडांत, म्हणजे अर्थमध्यें, उतरून बॅटरीस परत मिळतो. इंजिन फिरूं लागलें म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरील चौकोनी कॅम पॉइंट उघडतो. वाहता प्रवाह त्या क्षणीं एकाएकीं तुटतो.

नळांतून जोरानें पाणी वाहत असतां व्हॉल्व एकदम बंद केला, तर पाण्याचा दणका बसून नळ फुटतो, हें बागायतदारांस सांगावयास नको. येथेंही तसेंच होतें. तुटलेल्या प्रवाहाचा दणका बारीक वेढ्यांत उमटून बारा व्होल्टांचे कित्येक हजार व्होल्ट होतात. हा विजेचा दाब जाड रबरी तारेनें डिस्ट्रिब्युटरच्या झांकणांत येतो, रोटर त्यास त्या त्या सिलिंडरच्या तारेकडे वळवितो, आणि प्लगच्या फटींत ठिणगी पडते. पॉइंटांस जोडलेला कंडेन्सर पॉइंट उघडतांना उसळणारा प्रवाह क्षणभर पोटांत घेतो, म्हणून पॉइंट जळत नाहींत व दणका तीव्र बसतो. चार सिलिंडरचें इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर हें सारें दर सेकंदास १०० वेळां घडतें.

यावरून दोन भाग ध्यानांत ठेवावे. बॅटरीपासून पॉइंटांपर्यंत कमी दाबाचा भाग, आणि कॉइलच्या मधल्या तोंडापासून प्लगपर्यंत जास्त दाबाचा भाग. दोष कोणत्या भागांत आहे हें आधीं ठरविलें म्हणजे निम्मा शोध संपला.

साहित्य व सावधगिरी

एक लहान पांच वॅटचा बल्ब, त्याचें होल्डर, दोन हात-दोन हात लांब तारा व त्यांच्या टोंकांस चिमटे, एवढ्यांत तपासणीचा दिवा तयार होतो. बल्ब गाडीच्या व्होल्टचाच असावा. युद्धकाळांतील मूळच्या जीपगाड्या ६ व्होल्टच्या होत्या, नंतरच्या बहुतेक १२ व्होल्टच्या आहेत. याशिवाय फिलर गेज, बारीक पॉलिश कागद व स्वच्छ फडकें लागतें.

गाडी उघड्या जागीं उभी करावी, गिअर न्यूट्रलमध्यें व हातब्रेक ओढलेला असावा. सांडलेलें पेट्रोल पुसून तें वाळल्यावरच ठिणगीची परीक्षा करावी. उपरण्याचें वा सदऱ्याचें टोंक पंख्याजवळ येऊं देऊं नये. जाड तार हातांत न धरतां कोरड्या लाकडी चिमट्यानें धरावी. हॅन्डल मारतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनानें उलट फटका दिल्यास दांड्याला विळखा घातलेला आंगठा मोडतो. स्विच चालू ठेवून तासचे तास विचार करीत बसूं नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सुमारें चार अँपिअर प्रवाह सारखा वाहतो आणि चांगली कॉइल तापून बिघडते.

पहिली पायरी : डोळ्यांनीं पाहणें

डिस्ट्रिब्युटरचें झांकण काढावें. रोटर जागेवर आहे काय ? झांकण बसविण्याच्या घाईंत रोटर बाहेरच राहणें ही फार दुर्मिळ गोष्ट नव्हे. नंतर एकानें इंजिन हॅन्डलनें फिरवावें व दुसऱ्यानें आंत पहावें. रोटर फिरला पाहिजे, व पॉइंट उघडले-मिटले पाहिजेत.

रोटर मुळींच फिरत नसेल तर तेथेंच थांबावें. विलीस जीपच्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटरचा दांडा ऑइल पंपाच्या दांड्याकडून फिरविला जातो, आणि ऑइल पंपास कॅमशाफ्टचा गिअर फिरवितो. म्हणून रोटर स्तब्ध असणें याचा अर्थ डिस्ट्रिब्युटर खांचेंत बसलेला नाहीं, किंवा ऑइल पंपच फिरत नाहीं. दुसरा प्रकार असेल तर ठिणगी मिळवून इंजिन चालविणें म्हणजे नवीं बेअरिंगें तेलाविना जाळणें होय. अशा वेळीं ठिणगी न पडणें ही आपणांस मिळालेली पूर्वसूचनाच समजावी.

रोटर फिरतो पण पॉइंट उघडत नाहींत, असें दिसल्यास फट लावावी. कॅमचा कोपरा पॉइंटाच्या टांचेखालीं येऊन पॉइंट जास्तींत जास्त उघडले असतां विलीस जीपमध्यें फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असावी; लुकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्यें ०.०१४ ते ०.०१६ इंच. गेजला तेल लागलेलें असेल तर तें पॉइंटांवर उतरतें, म्हणून शेवटीं पेट्रोलानें ओलें केलेलें स्वच्छ फडकें पॉइंटांमधून ओढावें. नव्या पॉइंटांवर गंज न चढावा म्हणून तेलकट लेप दिलेला असतो. तो न पुसल्यास नवे पॉइंटही प्रवाह जाऊं देत नाहींत. गाडी कामासाठीं महिनोन् महिने उभी राहिली असेल तर जुन्या पॉइंटांवर काळसर थर धरतो. तो पॉलिश कागदानें काढावा व धूळ पुसून घ्यावी.

दुसरी पायरी : दोष कोणत्या भागांत ?

पॉइंट उघडत-मिटत आहेत अशी खात्री झाल्यावर झांकणाच्या मध्यभागीं येणारी जाड तार उपसून तिचें टोंक इंजिनच्या स्वच्छ लोखंडापासून पाव इंचावर धरावें, आणि स्विच चालू करून सेल्फ मारावा. निळसर, टणत्कार करणारी ठिणगी पडली तर कमी दाबाचा सर्व भाग व कॉइल निर्दोष आहेत. दोष रोटर, झांकण, तारा अथवा प्लग यांत आहे, आणि वाचकानें थेट सहाव्या पायरीकडे जावें. ठिणगी पडली नाहीं, तर पुढील तीन पायऱ्या क्रमानें कराव्या.

तिसरी पायरी : कॉइलपर्यंत प्रवाह येतो काय ?

स्विचकडून येणारी तार कॉइलच्या ज्या टोंकास लागते, तेथें दिव्याचा एक चिमटा लावावा. लुकासच्या जुन्या कॉइलवर या टोंकास 'एस. डब्ल्यू.' व पॉइंटांकडील टोंकास 'सी. बी.' अशीं अक्षरें असतात. दुसरा चिमटा बॅटरीच्या अर्थच्या खुंटीस लावून स्विच चालू करावा. दिवा लागला नाहीं तर फ्यूज, स्विच अथवा मधली तार पहावी. दिवा लागला तर सेल्फ मारून तो लागलेलाच राहतो कीं नाहीं हेंही पहावें, कारण झिजलेला स्विच सेल्फच्या वेळींच संपर्क सोडतो.

आतां दुसरा चिमटा बॅटरीवरून काढून इंजिनच्या लोखंडास लावावा. बॅटरीवर लागणारा दिवा येथें लागला नाहीं किंवा मंद लागला, तर इंजिनास अर्थ नाहीं. इंजिन रबराच्या उशांवर बसलेलें असतें. त्यास गाडीच्या सांगाड्याशीं जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी इंजिन उतरवितांना सोडावी लागते, आणि परत बसवितांना ती विसरते, अथवा नव्या रंगावर आवळली जाते. रंग हा विजेस भिंतीसारखा आहे. पट्टीखालील रंग खरडून चकचकीत लोखंडावर ती आवळावी. सेल्फ संथ फिरणें, व चोकची किंवा ॲक्सिलरेटरची तार सेल्फ मारतांना गरम होणें, हीं या दोषाचीं ठळक लक्षणें होत. सेल्फचा मोठा प्रवाह योग्य वाट न मिळाल्यामुळें त्या बारीक तारांतून धांवतो. लहान दिव्यास थोडाच प्रवाह पुरतो, म्हणून अर्धवट अर्थ असतांही तो लागूं शकतो. शंका राहिल्यास जाड जंप केबलनें बॅटरीची अर्थची खुंटी व इंजिन जोडून पहावें.

चौथी पायरी : दिव्याची साक्ष

सर्व तपासणींत ही पायरी सर्वांत बोलकी आहे. दिव्याचा एक चिमटा कॉइलच्या पॉइंटांकडील टोंकास व दुसरा इंजिनास लावावा. स्विच चालू करून इंजिन हॅन्डलनें सावकाश फिरवावें. पॉइंट उघडले कीं दिवा लागावा, मिटले कीं विझावा. तसें होत असेल तर जाड वेढे, तारा व पॉइंट आपलें काम करीत आहेत. तसें न झाल्यास दोन प्रकार संभवतात.

दिवा सारखा लागलेलाच राहिला, तर प्रवाह पॉइंटांतून अर्थमध्यें उतरत नाहीं. पॉइंट तेलकट आहेत, मिटत नाहींत, कॉइलपासून पॉइंटांपर्यंतची तार तुटली आहे, अथवा पॉइंटांच्या ताटलीस डिस्ट्रिब्युटरच्या देहाशीं जोडणारी बारीक लवचिक तार तुटली किंवा जोडावयाची राहिली आहे. ज्या जागीं डिस्ट्रिब्युटर बसतो तेथें रंग लागला असेल तर तोही पहावा.

दिवा मुळींच लागला नाहीं, तर कॉइलच्या त्याच टोंकावरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी तार सोडावी, व दिवा तसाच ठेवावा. तार सोडतांच दिवा लागला, तर कॉइलचे जाड वेढे सलग आहेत आणि प्रवाह डिस्ट्रिब्युटरमध्यें भलत्याच जागीं अर्थमध्यें उतरत आहे. तरीही लागला नाहीं, तरच कॉइलचे जाड वेढे तुटले असें म्हणावें.

डिस्ट्रिब्युटरमधील या भलत्या उताराचें कारण बहुधा अत्यंत क्षुल्लक असतें. चालत्या पॉइंटाची स्प्रिंग, कंडेन्सरची तार व कॉइलकडून आलेली तार या तिन्ही एका खुंटीवर एकमेकींस चिकटून असाव्या लागतात. मात्र त्यांपैकीं एकीचाही स्पर्श खालच्या ताटलीस होतां कामा नये. त्यासाठीं फायबरचे लहान वॉशर व नळी दिलेली असते. वॉशर राहिला, किंवा वर-खालीं झाला, कीं पॉइंट उघडोत वा मिटोत, प्रवाह थेट अर्थमध्यें जातो. आमच्या शेजारच्या गांवीं एका कांदा-बागायतदाराची जीप इंजिन बांधल्यावर तीन आठवडे उभी राहिली. नवी कॉइल आली, नवा कंडेन्सर आला, बॅटरीही बदलली. शेवटीं दिवा लावून पाहतां दोष याच खुंटीवर निघाला. फायबरचा वॉशर काढलेल्या नट-बोल्टांच्या डब्यांत सांपडला. कांदे तोंवर भाड्याच्या टेम्पोनें बाजारांत गेले होते.

खुंटी ठीक असेल तर तारेचें वेष्टण झांकणाच्या कडेखालीं चेंगरलें काय तें पहावें. नंतर कंडेन्सरची तार सोडावी. ती सोडतांच दिवा उघड-मीट करूं लागला, तर कंडेन्सर आंतून अर्थ झालेला आहे.

पांचवी पायरी : कंडेन्सर व कॉइल

दिवा बरोबर उघड-मीट करतो, पण मधल्या जाड तारेंतून ठिणगी नाहीं अथवा पिवळट व मरतुकडी आहे, असें झाल्यासच या दोन वस्तूंकडे वळावें. पॉइंटांमध्यें मोठ्या निळसर ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर निकामी आहे किंवा त्याचा स्क्रू सैल आहे. तो स्वस्त असतो; दुसऱ्या चालत्या गाडीचा लावून परीक्षा करणें उत्तम. जाड तारही बदलून पहावी. तरीही ठिणगी नसेल तर कॉइल मीटरनें मोजावी. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचे जाड वेढे सुमारें ३ ते ४ ओहम भरतात, बारीक वेढे कांहीं हजार ओहम. बारीक वेढ्यांत प्रवाहच जात नसेल तर कॉइल खरोखरच गेली. मोटारीस वेगळा रेझिस्टर जोडलेला असल्यास जाड वेढे याच्या निम्म्यानें भरतात; अशी कॉइल रेझिस्टरवांचून लावूं नये.

सहावी पायरी : रोटर, झांकण, तारा व प्लग

मधल्या तारेंतून ठिणगी येते, पण प्लगपर्यंत पोंचत नाहीं, तर झांकणाच्या आंतल्या बाजूस मधोमध असलेला कोळशाचा लहान खिळा पहावा. तो स्प्रिंगवर वर-खालीं झाला पाहिजे व रोटरास टेकला पाहिजे. झांकणावर केंसासारखी काळी रेघ दिसल्यास वीज तेथून पळते. असें झांकण बदलावें. ओल असल्यास पुसून उन्हांत वाळवावें. रोटरास बारीक चीर गेली असेल तर वीज त्यांतून खालच्या दांड्यांत उतरते. मधली जाड तार रोटराच्या पितळी पट्टीजवळ धरून, पॉइंट उघड-मीट केले असतां रोटरावर ठिणगी उडूं लागली, तर रोटर फुटका समजावा. प्लगची फट विलीस जीपमध्यें ०.०३० इंच ठेवावी.

ठिणगी आहे, पण वेळ चुकली

ठिणगी मिळूनही इंजिन चालू होत नाहीं, कार्ब्युरेटरमधून भडका येतो, किंवा हॅन्डल उलट फटका मारतें, तर दोष ठिणगीच्या वेळेचा आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोंकावर आंगठा ठेवावा व इंजिन हॅन्डलनें फिरवावें. हवा आंगठा उडवूं लागली म्हणजे दाबाचा फेरा आला. पिस्टन वर येतांच रोटराचें तोंड पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे असावें. तें बरोबर विरुद्ध दिशेस असेल, तर ठिणगी धूर सोडण्याच्या फेऱ्यांत पडत आहे. विलीस जीपमध्यें ऑइल पंप काढून घातला असल्यास त्याच्या गिअरचा दांता चुकतो व त्यामुळें डिस्ट्रिब्युटरही चुकतो. तेव्हां झांकण फिरवीत न बसतां पंपच योग्य दांत्यावर बसवावा. या गाडींत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. तारा लावण्यापूर्वीं रोटर कोणत्या दिशेनें फिरतो हें डोळ्यांनीं पहावें व त्याच दिशेनें हा क्रम मोजावा.

ज्या गाड्यांत पॉइंट नाहींत

अलीकडील पेट्रोल गाड्यांत पॉइंटांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक पेटी व सेन्सर असतात. त्यांतही अर्थची पट्टी व सुटलेले प्लग-सॉकेट हेच प्रथम पहावें. परंतु जाड तार दूर धरून ठिणगी उडविण्याची वर दिलेली परीक्षा त्या गाड्यांस करूं नये. विजेस वाट न मिळाल्यानें महाग पेटी जळण्याचा संभव असतो. तेथें जाणत्या कारागिराचाच हात लागूं द्यावा.

काम देण्यापूर्वींची दक्षता

हा सर्व शोध टळावा अशी इच्छा असेल, तर इंजिन खोलण्यापूर्वीं अर्धा तास द्यावा. प्रत्येक तारेस कागदाची चिठ्ठी बांधावी. डिस्ट्रिब्युटर व कॉइल यांचीं छायाचित्रें मोबाइलवर घ्यावीं. पिस्टन वर असतां रोटराचें तोंड कोणीकडे आहे याची खूण करावी. पॉइंटांचे वॉशर वेगळ्या डबींत, ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें तारेंत ओंवून ठेवावे. आणि मिस्त्रीशीं आधींच ठरवावें कीं, दिव्यानें परीक्षा झाल्यावांचून एकही नवी वस्तु घ्यावयाची नाहीं, व काढलेली जुनी वस्तु मालकास परत द्यावयाची. चांगला कारागीर यास नाराज होत नाहीं. उलट त्याचाही वेळ वांचतो. पॉइंटांच्या गाड्या कमी होत चालल्या तसे त्या जाणणारे मिस्त्रीही विरळ होत आहेत. यास्तव ज्याच्या दारीं अशी गाडी आहे त्यानें एवढी विद्या स्वतःच्या पदरीं ठेवावी, आणि तपासणीचा दिवा गाडींतील पेटींत कायमचा ठेवावा, हें बरें.